ऊन पाण्याचा उगम

४ जानेवारी
सामान सुखरूप आले: ट्रंका दोन, देवांची पेटी, शिलाई मशीन, ह्यांच्या काचेच्या बाटल्यांचे खोके. हमाली साडेतीन, घासाघीस करूनही कमी झाली नाही. पण घर छान! गरम झऱ्याचे पाणी थेट न्हाणीघरातल्या नळाला. सरपण वाचले, देवाची कृपा. हे पाणी मुळात येते कुठून, ते शोधायची ह्यांची नोकरी. पाण्यात जड-हलके समस्थानिक असतात. त्यांच्या प्रमाणावरून पावसाचे कुठले, समुद्राचे कुठले, ते ओळखता येते म्हणे. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये. ते काम माझ्याकडे.

१९ जानेवारी
प्रयोगशाळेचे उत्तर आले. पाणी पावसाचे नाही, समुद्राचेही नाही; माणसाच्या अंगच्या पाण्यासारखे आहे. वर त्यांचा शेरा: नमुन्यात घाम गाळू नका! हे माझ्यावरच उखडले. बुचेसुद्धा मी उकळून घेतली होती. पण मॅट्रिक बायकोचे ऐकतो कोण?

२ फेब्रुवारी
पुन्हा तेच उत्तर. ह्या वेळी बाटल्या ह्यांनीच भरल्या होत्या, त्यामुळे रागवायला कुणी उरले नाही. इरेला पेटून ह्यांनी दवाखान्यात स्वतःचे रक्त काढवून प्रयोगशाळेला धाडले, घ्या, फरक बघा म्हणून. ह्यांच्या आधीचे साहेब कुठे गेले, असे मी झऱ्यावरच्या पहारेकऱ्याला विचारले. तो हसला. म्हणाला, वहिनी, पाणी चढलं की साहेब बदलतो. बदलीचा कागद मात्र त्याने कधी बघितला नाही म्हणे.

११ फेब्रुवारी
हे आता तासन्‌तास आंघोळ करतात. अंगठी बोटातून गळून पडली. ओठ फुटलेले, तांब्यामागून तांब्या रिचवूनही तहान जात नाही. निघू या म्हटले, तर उगम सापडल्याशिवाय हलायचे नाही म्हणतात. डोके आपटावे कुठे!

१५ फेब्रुवारी
रक्ताचा अहवाल आला. झरा आणि हे— दोन्हींत पाणी एकच. हे नुसते हसले. मी नळात चिंध्या कोंबल्या, तर हे टॉवेल घेऊन झऱ्यावरच गेले.

१६ फेब्रुवारी
देवाचे नाव घेत मी झऱ्याच्या कुंडावर गेले. पाणी वरच्या पायरीपर्यंत. हे आत, गळ्याइतके. हात धरून ओढला— पिळलेल्या फडक्यासारखा, हलका— म्हणाले, सापडला गं उगम—

बाहेर यायला तयार नाहीत. रडू फुटते, पण डोळ्यांत टिपूस नाही. माझ्याही—

हे पान फाडून थोरल्या दादाला धाडते. दादा, ह्यांना उचलून न्यायला ये, माझ्याने होत नाही. इथले पाणी अंगाला लावू नकोस. केव्हा निघतोस ते उलट टपाली कळ—