क्षुल्लक पुस्तकांचा परदेश विभाग

५ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षातला ऑफिसचा पहिला दिवस. नवी डायरी, नवं पेन, नवा मी.
सकाळीच मालकांनी बोलावलं. म्हणाले, ओगावारा, इथे जपानात वाचक म्हातारे होत चाललेत आणि माझ्यासकट एकेक करून निघालेत. आता आपली पुस्तकं परदेशात खपली पाहिजेत. आजपासून तुम्ही परदेश विभाग. एकतीस मार्चपर्यंत एक तरी पुस्तक बाहेरच्या प्रकाशकाने घेतलं तर विभाग कायम. नाहीतर विभाग बंद आणि तुम्ही शहराबाहेर, तोदा गावच्या गोदामात.
शेवटचं वाक्य हसत म्हणाले. म्हणजे गंमत केली. घरी बायकोलाही सांगितलं, ती हसली नाही.
विभागात दोन माणसं. मी आणि मिनेगिशी. वय बत्तीस, चार वर्षं कॅनडात काढून आलेली, त्यामुळे बोलण्यात जरा धार. घेईन सांभाळून.
आजपासून रोज अर्धा तास इंग्रजी. मेलनपाव, म्हणजे दुपारचा तो गोड पाव, बंद. डायरी रोज, काही झालं तरी.

९ जानेवारी, शुक्रवार
मधले तीन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता. विचार चालू असताना लिहू नये.
वसंतात येणारी तीन पुस्तकं निवडली, तिन्ही खऱ्या गोष्टींची. एक सार्वजनिक न्हाणीघरांच्या धुराड्यांवर. दुसरं रेल्वेत हरवलेल्या छत्र्यांचं पुढे काय होतं यावर, लेखक हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेले. तिसरं ‘सहाशे ताटं’. लेखिका नागुमोबाई, वय चौऱ्याऐंशी, चाळीस वर्षं एका शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधत होत्या.
तिसरं मिनेगिशीच्या हट्टामुळे घेतलं. तिने विचारलं, साहेब, तुम्ही वाचलंत ना? मी म्हणालो, चाळलंय. खरं म्हणजे मुखपृष्ठ पाहिलंय. या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर तेवढ्यावरून कळतं.
इंग्रजी सोमवारपासून. शुक्रवारी कोणी काही सुरू करतं का?

१४ जानेवारी, बुधवार
कॅटलॉगचा मजकूर लिहिला. स्वतःच लिहिला. इतका सुरेख उतरला की दोनदा मोठ्याने वाचला. नागुमोबाईंच्या पुस्तकाचा इथे उतरवून ठेवतो:
‘हे क्षुल्लक पुस्तक आपल्या अमूल्य वेळेच्या लायकीचं नाही. लेखिकेला लेखनाचा अनुभव नाही. आमच्या अज्ञानामुळे आत असंख्य उणिवा राहिल्या असतील. तरीही आपल्या डोळ्यांना फार त्रास होणार नसेल, तर एकवार नजर टाकावी.’
मिनेगिशीला म्हटलं, इंग्रजी कर, एक शब्द इकडचा तिकडे नको. तिने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, साहेब, ते लोक हे खरं मानतील. मी म्हणालो, मानू देत की! ती म्हणाली, नाही, म्हणजे खरंच खरं मानतील.
काय बोलते, तिचं तिला तरी कळतं का कोण जाणे. स्वतःच्या मालाची स्वतःच तारीफ करायला आपण काय मासळीबाजारात बसलोय? एक्केचाळीस प्रकाशकांना ईमेल गेले.

२३ जानेवारी, शुक्रवार
पहिलं उत्तर! एडिनबराहून. ‘तुमच्या दुर्मिळ प्रामाणिकपणाबद्दल आभार. आम्ही तुमचा सल्ला मानत आहोत.’
सल्ला मानत आहोत! परदेशातला प्रकाशक, आणि आमचा सल्ला मानतो! प्रिंट काढून भिंतीला लावली. मिनेगिशीने कपाळावर हात मारला. बहुधा आनंदाने.
आनंदात एक मेलनपाव झाला. एकच.

२९ जानेवारी, गुरुवार
सिडनीहून उत्तर. विचारलंय, तुम्हालाच पुस्तक आवडलेलं नाही, तर छापलंत कशाला?
खोल प्रश्न आहे. असा प्रश्न मनापासून रस असल्याशिवाय कोणी विचारत नाही. मालकांना सांगितलं, ऑस्ट्रेलियाशी चर्चा चालू आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
नागुमोबाई ऑफिसात आल्या. एवढ्याशा, पाठीत वाकलेल्या, पण हात अजून सहाशे जणांचा भात उपसतील असे. मुळ्याचं लोणचं आणलं होतं. अगदी क्षुल्लक आहे, तोंडात घालण्याजोगं नाही, म्हणत पुढे केलं.
मग हळूच म्हणाल्या की त्यांची नात व्हँकुव्हरला जन्मली, तिकडेच वाढली, जपानी वाचता येत नाही. फोनवर दोघी नुसत्या हसतात, दोन वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही. पुस्तक खरं तर तिच्यासाठीच लिहिलंय. ओगावारा-सान, इंग्रजीत होईल का हो? माझ्या डोळ्यांदेखत झालं तर बरं.
मी छातीवर हात ठेवून म्हणालो, झालंच समजा.
त्या गेल्यावर मिनेगिशी म्हणाली, साहेब, लोणचं क्षुल्लक म्हणून दिलं होतं ना? मग डबा कसा रिकामा झाला? मी म्हणालो, अगं, ती बोलायची रीत असते. ती म्हणाली, हो, पण ती तुम्हाला माहितीय. एडिनबराला नाही.
लोणचं वेगळं आणि पुस्तक वेगळं. हिला सांगून उपयोग नाही. हात टेकले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
एकूण उत्तरं नऊ. नऊही जणांनी आभार मानलेत. एकानेही भांडण काढलेलं नाही.
पुस्तक मात्र कोणी मागितलेलं नाही. परदेशी लोक लाजाळू असतात, असं कुठेतरी वाचलं होतं.
इंग्रजीच्या रेडिओ कोर्सचं पुस्तक जानेवारीचं होतं, ते आता जुनं झालं. एप्रिलचा अंक आला की पहिल्या पानापासून शिस्तीत सुरू करीन.

२५ फेब्रुवारी, बुधवार
मिनेगिशीने कॅनडातली ओळख काढून टोरांटोच्या एका लहान प्रकाशनाच्या फेनविकबाईंची वेळ मिळवली. चार मार्च, सकाळी साडेआठ, कॉम्प्युटरवर मीटिंग. नागुमोबाईंनाही बोलावलंय.
मिनेगिशीने विनवलं की बोलणं तिच्यावर सोडावं. मी म्हटलं, विभागप्रमुख गप्प बसला तर त्या बाईंचा अपमान होईल. तिने डोळे मिटून घेतले. हल्ली झोप पुरत नसावी तिला.

४ मार्च, बुधवार
मीटिंग झाली. झकास झाली. सविस्तर लिहितो.
नागुमोबाई सणाचा किमोनो नेसून, केस बसवून वीस मिनिटं आधीच हजर. फेनविकबाई दिसल्याबरोबर मी प्रास्ताविक सुरू केलं. कॅमेऱ्यात आमचे चेहरे दाखवल्याबद्दल माफी, तिकडे जेवणाची वेळ असल्याबद्दल माफी, विभाग नवखा असल्याबद्दल माफी. अकरा मिनिटं. मिनेगिशी इंग्रजी करत होती, पण तिचं इंग्रजी फार लवकर संपत होतं. लक्षात आलं तसं मी दरडावलं, पूर्ण सांग!
मग फेनविकबाईंनी विचारलं, पुस्तक चांगलं आहे का?
आता याला सभ्य माणसाचं उत्तर एकच. छे छे, म्हणालो, कसलं चांगलं! शेजारी नागुमोबाईही मान हलवत, कसलं कसलं, म्हणाल्या. फेनविकबाईंनी पुन्हा विचारलं, निदान काही भाग तरी? मी म्हणालो, अहो, कुठला भाग! तिसऱ्यांदा त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही स्वतः वाचलंत का? मी म्हणालो, माझ्यासारख्या अडाण्याला काय कळणार. यात तरी खोटं काही नव्हतं.
त्या म्हणाल्या, विचार करू. मी वाकून नमस्कार केला. वर पाहिलं तर पडदा काळा.
मी टाळी वाजवली. नागुमोबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? विचार करू म्हणाल्या, असं मी सांगितलं. बाईंनी मांडीवरचा रुमाल उलगडला, परत घडी घातली. मग म्हणाल्या, म्हणजे नाहीच ना.
मी सांगायला गेलो की तिकडे त्याचा अर्थ वेगळा असतो. पण आयुष्यभर मी स्वतःच लोकांना ‘विचार करू’ सांगून परत पाठवत आलोय. नुसता वाकलो. बाई माझ्यापेक्षा दुप्पट वाकल्या, तुम्हाला फार त्रास दिला म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
मेलनपाव दोन.

९ मार्च, सोमवार
विश्वासघात!
मिनेगिशीने मला न विचारता फेनविकबाईंना ईमेल केला. वर कॉपी मला पाठवली, म्हणजे चोरी ती चोरी आणि पावतीसुद्धा. लिहिलंय काय, तर: ‘हे फार सुंदर पुस्तक आहे. एकशेबाराव्या पानावर मी रडले. आमच्या साहेबांचं ऐकू नका, ते सभ्य आहेत. हे तुम्ही छापायलाच हवं.’
फार सुंदर! आपल्याच पुस्तकाला! माझे कान तापले. तीस वर्षांत असं निर्लज्ज वाक्य या इमारतीतून बाहेर पडलेलं नाही.
मालकांच्या कानावर घालणार होतो. पण ते दात काढायला गेले होते.

१० मार्च, मंगळवार
कंपनीची अब्रू वाचवली. शब्दकोश उघडून स्वतः इंग्रजीत फेनविकबाईंना माफीचा ईमेल लिहिला. चार ओळी, साडेतीन तास. ‘काल माझ्या सहकारिणीने आमच्या पुस्तकाची स्तुती केली. मला अत्यंत लाज वाटते. कृपया तिचे शब्द विसरावेत.’
पाठवून टाकला. हलकं वाटलं. बघा, न शिकतासुद्धा इंग्रजी येतं.

१२ मार्च, गुरुवार
फेनविकबाईंचं उत्तर, दोघांना मिळून. ‘हसून हसून पुरेवाट झाली. तुम्हा दोघांपैकी खरं कोणाचं मानू? एकशेबारावं पान पाठवा, माझं मी ठरवते.’
मिनेगिशीने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायला उठलो. येताना कपाटातून ‘सहाशे ताटं’ घेऊन आलो.
पान एकशेबारा. एक मुलगा रोज ताटातला पाव गुपचूप खिशात घालायचा. बाईंच्या लक्षात आलं की घरी धाकटी बहीण आहे. त्या दिवसापासून त्या त्याच्या ताटात दोन पाव वाढायला लागल्या आणि मास्तरांना सांगितलं, मोठा खादाड आहे हो हा. पोराने वर्षभर खादाड म्हणवून घेतलं. बाईही गप्प, तोही गप्प.
मग एकशेतेरा वाचलं. मग पहिल्यापासून. साडेचार वाजले तेव्हा मिनेगिशीने रुमाल पुढे केला. मी म्हणालो, परागकण. डोळ्यांत जातात. यंदा फारच आहेत.
पानं तिनेच अनुवाद करून पाठवली. मी अडवलं नाही. कामात होतो.

२४ मार्च, मंगळवार
विकलं गेलं!! टोरांटोने ‘सहाशे ताटं’ घेतलं! पुढच्या वसंतात इंग्रजीत येणार.
मिनेगिशीने नागुमोबाईंना फोन लावला. बातमी सांगितली. मग बाई म्हणाल्या, थांबा हं, गॅस बंद करून येते, आणि आल्याच नाहीत. दहा मिनिटं फोन तसाच चालू होता. लांबून नाक शिंकरल्याचा आवाज येत होता. आम्हीही ठेवला नाही.
आता शांतपणे विचार केला तर यशाचं कारण स्पष्ट आहे. आधी मी नकार देऊन उत्सुकता वाढवली, मग मिनेगिशीने स्तुती केली, मग मी पुन्हा नकार दिला. या पद्धतीला नाव द्यायला हवं. एखादं छोटं पुस्तकही होईल.
विभाग कायम. आता प्रमुखाची रीतसर नेमणूक व्हायची, तीही एकतीसला. भाषण तयार ठेवलंय.

३१ मार्च, मंगळवार
दुपारी दोन वाजता मालकांच्या खोलीत मीटिंग. मी, मिनेगिशी, हिशेबाचे दोघे. मालक नवे दात लावून खुशीत. म्हणाले, विभाग कायम झाला, आता त्याचा प्रमुख नेमायचा. ओगावारा, तुमचं काय म्हणणं?
अशा वेळी काय करायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपण नाही म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा. आपण पुन्हा नाही म्हणायचं, समोरच्याने पुन्हा आग्रह करायचा. मग नाइलाज झाल्यासारखं वाकून हो म्हणायचं. मी उठलो, खोल वाकलो आणि म्हणालो, मी या पदाला सर्वस्वी अपात्र आहे. माझी योग्यता फार तर गोदामातली. खरं श्रेय मिनेगिशी-सानचं. हे पद त्यांनाच शोभेल.
सूर अगदी बरोबर लागला होता. वाकलेल्या अवस्थेत मी आग्रहाची वाट बघत राहिलो.
मालक म्हणाले, बरं झालं तुम्हीच म्हणालात. मला कसं सांगावं याचीच पंचाईत होती. त्या टोरांटोच्या बाईंनीही कळवलंय, यापुढे स्पष्ट बोलणाऱ्या माणसाशीच गाठ घालून द्या. तेव्हा मिनेगिशी प्रमुख. आणि तोदाच्या गोदामाचं तुमच्याच तोंडून आलं, उत्तम. उद्यापासूनच जा.
हिशेबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझा दुसरा नकार तोंडातच राहिला.
जिन्यात मिनेगिशीने गाठलं. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, साहेब, मी मालकांशी बोलू का? तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं ना? मी म्हणालो, छे छे, तसंच म्हणायचं होतं. ती वाकली आणि वर गेली. चार वर्षं कॅनडात राहून पोरगी पार तिकडची झालीय.
संध्याकाळी सहा वाजता घरी. बायकोने, ताएकोने, दार उघडता उघडता विचारलं, कशी झाली मीटिंग?
विशेष काही नाही, म्हणालो.
तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. हातातली बॅग घेतली. म्हणाली, गोदाम का?
हो, म्हणालो.