तीन निर्दोष यंत्रे आणि एक निर्माता

आदरणीय भावोजींस,

नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण आठांपैकी गुडघे हे अंग सध्या रजेवर आहे.) आपलं ब्लडप्रेशर आणि ताईचा आवाज, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. एक उतरलं की दुसरंही उतरतं, हा माझा जुना सिद्धांत आहे.

इकडे आमच्या साबणाच्या कारखान्यात मी एक मोठं कार्य सिद्धीस नेलं. वड्या कापणारं यंत्र, त्या वाहून नेणारा पट्टा आणि कागदात गुंडाळणारं यंत्र, ही तिघं आजवर तीन कोपऱ्यांत अबोला धरलेल्या जावांसारखी उभी होती. मी त्यांना एका रांगेत आणून जोडलं. प्रत्येकीकडे सुरक्षिततेचं स्वतंत्र प्रमाणपत्र होतं. तेव्हा तीन निर्दोषांची बेरीजही निर्दोषच येणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. (न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाचा हा तर्क ऐकून आमचे गुरुजी वरती कपाळाला हात लावून बसले असतील.)

तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरबाईंनी बाकी कशाकडे न बघता गुंडाळणीच्या यंत्राचं लाल बटण तेवढं दाबलं. ते आज्ञाधारकपणे थांबलं. पट्टा मात्र वड्या आणतच राहिला, कापणारं यंत्र कापतच राहिलं, आणि बघता बघता बाईंच्या पायाशी साबणाचा डोंगर झाला. गुंडाळणीवर काम करणाऱ्या मावशी पट्ट्याच्या तोंडाशी अडकलेली वडी ओढायला हात घालत होत्या, तो बाईंनी वेळेवर मागे ओढला. मग अगदी शांतपणे विचारलं, "हे जोडलं कोणी?"

"मी," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"मग या सगळ्याचे निर्माते आता तुम्ही. तिन्ही मिळून काय काय धोके होतात ते तपासा, एका बटणात सगळं थांबेल असं करा आणि तसं सही करून द्या. तोवर बंद."

(आयुष्यभर निर्माता म्हणून मी वरती बोट दाखवत आलो. ते बोट असं माझ्याकडे वळेल असं वाटलं नव्हतं.)

आमचे मालक मात्र हार मानणारे नव्हेत. जोडल्यामुळे लचांड झालं, तर तोडलं की मिटलं, असं म्हणत त्यांनी पट्टा वीतभर मागे सरकवला आणि मधल्या फटीतून वड्या हाताने पलीकडे द्यायला मावशींनाच उभं केलं. म्हणजे पूर्वी त्यांचा हात क्वचित यंत्रात जायचा. आता तो घालणं हेच त्यांचं काम झालं. मी चौकशी केली तेव्हा मावशी म्हणाल्या, "बटण दाबलं तर माझंच मशीन थांबतं, साहेब. बाकीच्यांनी ऐकायला मी काय त्यांची सासू आहे?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. फटीकडे बघत राहिल्या.

तरी आपण काळजी करू नये. ही तिन्ही यंत्रे स्वतंत्र व सुरक्षित आहेत, असा कागद मालकांनी माझ्या सहीसाठी तयार ठेवला आहे, आणि परिस्थिती सर्वस्वी माझ्या ताब्यात आहे. ताईस नमस्कार.

आपला मेहुणा

ता.क. सही केलेली नाही. अक्षर माझं उत्तम आहे, पण त्या सहीखाली मावशींचा हात येतो.

आणखी ता.क. आपण निवृत्त होईपर्यंत कारखान्यांचं वायरिंग केलंत. तीन यंत्रांना एका बटणाच्या धाकात आणणं आणि उघड्या जागी जाळी बसवणं हा आपल्या डाव्या हातचा मळ. हत्यारांची पेटी घेऊन या. ताईला मी परस्पर विचारलं. ती म्हणाली, खुशाल ने ह्यांना, परत पाठवायची घाई नाही.

शेवटचा ता.क. त्या रांगेच्या मुख्य स्विचच्या पेटीची किल्ली सकाळपासून सापडत नसल्याने काम बंद आहे. मालकांसकट सगळे ओणवे होऊन शोधताहेत. मीही शोधतो आहे. ती माझ्या खिशात आहे. उद्या कुलूपवाला येणार आहे, तेव्हा हे पत्र आणणाऱ्या पोऱ्याबरोबर आजच निघा.