ढोलवाल्याच्या घरचं जेवण

बुलढाणा, रविवार

तीर्थरूप बाबा,

पाया पडते. मी बरी आहे, होस्टेलचं जेवणही बरं आहे. प्रचारात तुमच्या फोनभोवती माणसंच माणसं असतात, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली. गोळ्या वेळेवर घेता ना? आईचे गुडघे कसे आहेत?

काल कॉलेजात एक जुना मुका सिनेमा दाखवला. बोलणं मधेमधे पडद्यावर लिहून येते. एक जमीनदार निवडणुकीले उभा राह्यते. त्याच्याच प्रचारातल्या ढोलवाल्यावर त्याच्या पोरीचा जीव जडते. आपल्याले ढोलाचा आवाज येत नाही, पण तिले डोलताना पाहून ताल समजते. आज रस्त्यानं चालताना माझे पाय त्याच तालावर पडून राह्यले.

जमीनदार मतासाठी ढोलवाल्याच्या घरी जाते, खाटेवर बसून भाकर खाते, त्याच्या मायची तारीफ करते. निवडून आल्यावर ढोलवाला पोरीले मागणी घालते. तेव्हा जमीनदाराचे ओठ लय वेळ हलतात, पण तो काय बोलला ते पडद्यावर येतच नाही. सारा हॉल हसला. मी नाही हसली, अन् बाजूच्या खुर्चीवरचा गोविंदाही नाही. हो, आपल्या वावरात कापूस वेचणाऱ्या तानुबाईचाच गोविंदा. तोही इथंच शिकते.

आई सांगत होती, परवा प्रचारात तुम्ही तानुबाईच्या घरी जेवले अन् ठेचा पुन्हा मागून घेतला. मले लय बरं वाटलं.

निकाल लागला की मी घरी येईन. मग आपण दोघं तिच्या घरी परत जेवाले जाऊ. याल ना, बाबा?

तुमचीच,
पुष्पांजली