डावीकडे ओढणारं जहाज

४ एप्रिल, शनिवार

पुन्हा गेलं! या आठवड्यातलं तिसरं मालवाहू जहाज, त्याच दारावर आपटून. नवं अपडेट आल्यापासून हेच. रिकामं जहाज सुतासारखं सरळ जातं, माल भरला की आपोआप डावीकडे वळतं. सावरेपर्यंत अंतराळतळाचं दार समोर — माल अवकाशात.

वर्षभर आम्ही सहा जण या ऑनलाइन खेळात हा तळ बांधतोय. सात खेपा उरल्यात. ३० तारखेला खेळाचं पर्व संपतं, आणि अपुरा राहिलेला तळ कंपनी पुसून टाकते.

आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि दिवसभर जहाजं आपटतेय." नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नाहीत, हे मात्र ती बोलली नाही. तेवढी माया आहे.

६ एप्रिल, सोमवार

कंपनीचं उत्तर — "आमच्याकडे अशी अडचण आढळली नाही. कृपया खेळ काढून पुन्हा टाका." अकरा तक्रारी, अकरा वेळा हेच. तरी मी दर वेळी मुद्देसूद लिहिते. नीट लिहिलेलं कुणीतरी नीट वाचतंच, असं मला वाटतं.

आमची म्होरकी नर्सताई (खरंच नर्स आहे) हसली. "मास्तरीणबाई, त्यापेक्षा भिंतीला सांग. तिला कान तरी असतात."

आज दोघं खेळ सोडून गेले. उरलो चौघं.

९ एप्रिल, गुरुवार

बाबा गोदामातून आले. सव्वीस वर्षं ट्रकमध्ये माल चढवतायत. चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. जहाज वळायला लागलं.

"एका अंगाला भरलीस गाडी."

"बाबा, अवकाशात वजन नसतं."

"बरं."

जहाज आपटलं.

"बरं," पुन्हा म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

१० एप्रिल, शुक्रवार

भांडी घासताना हात थांबला. वजन नसतं, पण वस्तुमान असतंच की! भार एका बाजूला आणि ढकलणं मधोमध — म्हणजे गाडी वळणारच, अवकाशातसुद्धा. परीक्षेत हे आकृतीसकट लिहिलंय मी. पूर्ण गुण मिळाले होते. आणि काल बाबांनाच शिकवायला निघाले. लाज वाटली.

पण मी तर जहाजाचे सातही कप्पे सारखेच भरते. मग एक अंग जड कसं?

१२ एप्रिल, रविवार

बाबांना सुट्टी. त्यांना खुर्चीत बसवलं. आधी माफी मागितली. "ते राहू दे," म्हणाले. "पहिला कुठला कप्पा भरतेस?"

"एक नंबरचा. अगदी डावीकडचा. सगळेच तिथून सुरू करतात."

"आज मधून सुरू कर."

चार नंबरपासून भरलं. जहाज सरळ! मग मुद्दाम सातपासून भरलं — उजवीकडे वळलं. पुन्हा एकपासून — डावीकडे. चौदा वेळा केलं, चौदाही वेळा वहीत मांडलं. अपडेटनंतर खेळ सगळा भार पहिल्या भरलेल्या कप्प्यातच धरतोय! आई पोळपाट सोडून मागे येऊन उभी. "अगं, दार आलं, दार आलं!"

बारावी तक्रार पाठवली. फक्त पाच ओळी आणि वहीतला तक्ता. खाली लिहिलं — शोध : माझे वडील, हमाल, अनुभव सव्वीस वर्षं.

नर्सताईला कळवलं, "मधून भरा."

२७ एप्रिल, सोमवार

सातवी खेप पोचली. तळ पूर्ण! तीन दिवस राखून. सगळे दिवे एकदम लागले. सोडून गेलेले दोघंही बघायला हजर. नर्सताई म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या मानासाठी आम्ही सगळे उभे राहिलोय."

सांगितलं. बाबांनी विचारलं, "दोर नीट आवळले होते ना?"

४ मे, सोमवार

कंपनीचं पत्र. बिघाड दुरुस्त केला. त्यांचे लोक चाचणी करताना सगळे कप्पे एका बटणाने एकदम भरतात, म्हणून त्यांना कधी दिसलाच नाही. आणि शेवटी — "आपल्या वडिलांना आमच्या चाचणी विभागात काम करायला आवडेल का?"

बाबांनी दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "लिही. मी गोदामात बरा आहे. पोरगी पाठवतो. पहिल्यांदा सांगितलेलं तिला पटत नाही. पण एकदा शंका आली की चौदा वेळा तपासते."

एकही शब्द न बदलता पाठवलं.

१३ मे, बुधवार

कंपनीने मलाच बोलावलं. सोमवारपासून चाचणी विभागात रुजू. बाबा म्हणाले, "तिथे कुणी चहा पीत मागे उभा राहिला, तर पहिल्यांदाच ऐक."