आवळ्याखालचं जेवण

४ नोव्हेंबर, सोमवार
पाहुणे गेले. डोकं ठिकाणावर आलं. यंदा कॉलनीतल्या बायकांचं आवळीभोजन मी घेणार. रविवारी नवमी आहे. मागच्या वर्षी सगळ्या जणी मला न सांगता शेजारच्या शुभदाबरोबर जेवून आल्या. मला ग्रुपवरच्या फोटोंवरून कळलं. राग वगैरे आला नाही. फक्त ग्रुप सोडला. आठ दिवसांनी परत गेले, कारण मी नसले की तिथं शिस्त राहत नाही.
परभणीत एवढ्या बागा आहेत. उद्यापासून पाहणी.

५ नोव्हेंबर, सकाळी
तळ्याकाठची बाग. आवळा नाही. रिटायर्ड पुरुषांचा हास्यक्लब हात वर करून हसत होता. कशाला हसताय, विचारलं. थांबले. म्हणजे कारण नव्हतंच.

संध्याकाळी
कचेरीमागची बाग. कुणाचा तरी वाढदिवस. केक खायचा सोडून तोंडाला फासलेला. झाडं सगळी शोभेची. मी बॉटनीची बी.एस्सी. आहे, सत्त्याहत्तर सालची. मला शोभेची झाडं दाखवू नयेत.

६ नोव्हेंबर
जुनी बाग. कारंजं निजामाच्या काळातलं. पाणीही बहुधा तेव्हाच आलं असेल. बाकावर एक जोडपं होतं. मी मधे पर्स ठेवून बसले. गेलं.
भिंतीजवळ आवळा सापडला. वॉचमन महारुद्र म्हणाला, मागच्या पावसाळ्यात लावलाय, अजून लेकरू हाय. माझ्या खांद्याला लागतो. सावली बेताची. पण शास्त्रात आवळा सांगितलाय, सावली नाही. जागा पक्की.

७ नोव्हेंबर
ग्रुपवर नियम टाकले. अकरा म्हणजे अकरा. कांदा-लसूण नाही. लहान मुलं नाहीत. जेवताना सुनांच्या तक्रारी नाहीत. पदार्थ मीच वाटून दिले. शुभदाला मीठ. जास्त जबाबदारी तिला झेपत नाही.
सगळ्यांनी वाचलं, उत्तर कुणाचंच नाही. सर्वानुमते मंजूर.

८ नोव्हेंबर
गल्लीच्या टोकाच्या तानुबाई येऊन गेल्या. ऊन लय लागंल म्हणे, बागेतच पलीकडं मोठा कडुलिंब हाय, त्याच्याखाली बसू. मी विचारलं, लिंबाखालचं व्रत कुठं ऐकलंय का? चहा अर्धा ठेवून निघाल्या. पटलं.
दुपारपासून एकीचे पाय दुखतायत, दुसरीकडं पाहुणे येणारेत. बरंच आहे. मोजक्या बायका असल्या की जेवण नीट होतं.
सूनबाई, अर्पिता, भांडी लावता लावता म्हणाली, "आई, त्यांना भीती वाटती तुमची."
तिला आदर म्हणायचं असेल. इंग्लिश मीडियमची आहे.

९ नोव्हेंबर
महारुद्रकडून आवळ्याभोवतीचं गवत काढून घेतलं. मला चांगलं दिसत असूनही त्यानं दोनदा विचारलं, मॅडम, ह्योच आवळा ना? सतरंजी केवढी लागंल, हेही विचारलं. सगळ्यात मोठी, म्हटलं.

१० नोव्हेंबर, रविवार
साडेदहालाच पोचले. सतरंजी अंथरली. पूजा केली. खोड बारीक असल्यानं कुंकू जास्त झालं.
अकरा वाजले. कुणी नाही. साडेअकराला पदर डोक्यावर घेतला. सतरंजीवर मी आणि एक मुंगळा.
बाराच्या सुमारास सगळ्या आल्या. पाय दुखणारीसुद्धा. पोरंबाळं घेऊन. सरळ कडुलिंबाखाली गेल्या. डबे उघडल्याचा वास इथपर्यंत आला. मी पाठ फिरवून बसले. चूक त्यांच्या लक्षात यावी म्हणून.
मग शुभदा आली. काही न विचारता सतरंजीचं एक टोक उचललं. मी अजून दुसऱ्या टोकावर होते. म्हणाली, "उन्हात काय बसलाव, मॅडम. उठा. तुमच्यासाठी सगळ्या जेवायच्या थांबल्यात."
मी स्पष्ट सांगितलं, देखरेखीपुरती येते.
जागा मधोमध ठेवली होती. ठेचा दोनदा घेतला, लसूण किती घातलाय ते तपासायला. बराच होता. तिसऱ्यांदा खात्री केली.
पुढच्या वर्षी हे काम कुणाकडं द्यायचं, असा विषय निघाला. तानुबाईंनी शुभदाचं नाव घेतलं. सगळ्यांनी हात वर केले.
माझाही हात वर होता. मी भाकरी मागत होते.