उजवीकडे मुंग्या होत्या

१६ फेब्रुवारी १९९६, पुणे

तिकिटं आली! ह्यांनी ती आणून थेट माझ्या पोळपाटावर ठेवली. पिठाने माखली. म्हणाले, "बंगलोर. दोघंच."

मुग्धाचा सासरहून फोन – "आई, लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि बंगलोर? उटीला तरी जा!" लेकीला काय सांगू, आमचा हनिमूनही बंगलोरलाच झाला होता, आणि तोही ह्यांच्या मामांच्या घरी! चामराजपेटेत दोन खोल्या आणि माणसांची नुसती जत्रा. नवी नवरी मामींच्या कुशीला, नवरा गच्चीवर मामांच्या घोरण्याशेजारी. काय तो थाट!

एकटं असं एकदाच मिळालं. लालबागेतल्या खडकावर, एका संध्याकाळी.

१७ फेब्रुवारी

एक ठरवलंय. इथे लिहून टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मला पाहायला आले तेव्हा सगळे प्रश्न सासूबाईंनीच विचारले. ह्यांनी फक्त नाव विचारलं – तेही दोनदा. पहिल्यांदा लक्षच नव्हतं स्वारीचं! तेव्हापासून मनात होतं, ह्या माणसाने मला पसंत केलंय की आईने सांगितलं म्हणून मान डोलावली?

मग तो खडक. लग्नाला जेमतेम आठवडा झालेला. हे म्हणाले, "इकडे बस, उजवीकडे." पण उजवीकडे मुंग्या होत्या, चांगल्या काळ्या डोंगळ्यांची रांग. मी डावीकडे बसले. सगळा धीर गोळा केला आणि समोर बघतच हळू विचारलं, "मी तुम्हाला मनापासून आवडले ना?"

हे गप्प. नुसते समोर बघत राहिले. मग उठले, पँट झटकली – "चल, मामी वाट बघत असतील."

मी तेच उत्तर समजले. रडले नाही. संसार केला. आणि ह्यांच्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही मला – टायफॉइडमध्ये ह्याच माणसाने मऊ भात कालवून भरवलाय, माझी वेणी घातलीय. (वाकडी!) पण तसं तर आईने पसंत केलेल्या कुठल्याही बायकोचं ह्यांनी केलं असतं. स्वभावच तसा. मला ते नकोय. मला माझ्या वाटणीचं हवंय.

तर – त्याच खडकावर पुन्हा विचारणार आहे. आणि "नाही" म्हणाले तर? जावई आलेली बाई मी, आणि हे असले प्रश्न!

२० फेब्रुवारी, गाडीत

मी खिडकीशी बसले तर ह्यांनी लगेच जागा बदलून घेतली. सवयच आहे. ह्यांचा डावा कान पूर्ण गेलाय – कारखान्यात, प्रेसशॉपच्या दणदणाटाने. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मला सांगितलं. तेव्हापासून घरीदारी, रस्त्यात, पलंगावर मी कायम उजवीकडे. समोरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती जवळ घेऊन बसतात हो तुम्हाला!" हसू दाबलं.

२१ फेब्रुवारी, बंगलोर

उतरलो अहल्याअक्कांकडे, बनशंकरीला. अक्का म्हणजे त्याच मामांची थोरली मुलगी. मामा-मामी गेले, चामराजपेटेचं घरही गेलं. दारातच अक्कांनी मला कवटाळलं – "या, या! स्वल्प वाळलीस की ग वीणा! हा पद्मू जेवायला घालत नाही काय?" पन्नाशीच्या माणसाला पद्मू! हे लाजले. चक्क लाजले!

कॉफी अजून तशीच. घर बदललं, कॉफी नाही.

उद्या.

२२ फेब्रुवारी

लग्नाचा वाढदिवस. गेलो. ह्यांनी खडकावर रुमाल अंथरून दिला. शेंगदाणे खाल्ले, मुग्धाबद्दल बोललो, पुष्कळ काही बोललो. विचारलं नाही. भित्री कुठली!

२३ फेब्रुवारी



सकाळी हे पेपर आणायला बाहेर गेले होते. मी आणि अक्का भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे आपल्या पावट्यांची, सालं काढत बसलो होतो – एकेक दाणा चिमटीत दाबायचा, आतला गर टुपकन बाहेर. मी सहज म्हटलं, "ह्या प्रेसशॉपने ह्यांचा कान खाल्ला बघा, अक्का."

"प्रेसशॉप? कुठलं प्रेसशॉप? अग, नऊ वर्षांचा होता पद्मू! गालगुंड झालं, ताप चढला, तेव्हाच गेला की डावा कान! आत्यानं आम्हाला सगळ्यांना दम दिलेला – ह्याचं लग्न होईपर्यंत कानाचं कुणी बोलायचं नाही म्हणून." मग माझं तोंड बघून थांबल्या. "अय्यो. तुला ठाऊक नाही?"

माझ्या चिमटीतला दाणा उडून कपाटाखाली गेला.

आधी राग आला. असा राग! मी काय मोडलं असतं का लग्न? सासूबाई गेल्या, त्यांना आता काय बोलणार, पण ह्यांनी तरी? मला प्रेसशॉप सांगितलं! मी बापडी इतकी वर्षं त्या कारखान्याला शिव्या घालतेय!

आणि मग मुंग्या आठवल्या.

"इकडे बस, उजवीकडे." मी डावीकडे बसले होते. अग बाई! त्या कानात विचारलं मी! म्हणजे ते उत्तर नव्हतंच. माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आणि नाव दोनदा विचारलं, तेही ह्या कानामुळेच असणार. मी आपली उगाच कुढत बसले.

रडू आलं, हसूही आलं, दोन्ही एकदम. अक्का घाबरल्या – "सरी, सरी, रडू नको ग! मी काय बोलून गेले!" त्यांना काय समजावणार? एवढंच म्हटलं, "उद्या आम्ही पुन्हा लालबागेत जाणार."

"परत? काय ठेवलंय तिथं?"

आहे एक.

२४ फेब्रुवारी

आज उजवीकडे बसले. तोंड उघडणार, तोच हे खडकाकडे बघत म्हणाले, "अक्काने काल मला सगळं सांगितलं. तेव्हा तू इथे काहीतरी म्हणाली होतीस. ओठ हललेले दिसले होते मला. पुन्हा विचारलं असतं तर कानाचं कळलं असतं, वीणा – आणि तू माहेरी निघून गेली असतीस तर? काय म्हणाली होतीस ग?"

म्हणजे हेही तेवढीच वर्षं!

सांगितलं. त्यांच्या कानाशी, तेव्हाच्याच शब्दांत.

ह्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "पाहायला आलो होतो तेव्हा तुझं नाव दोनदा विचारलं होतं, आठवतं? पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं मला."