डिंपलचं ‘टेक’ आणि आबांची टोपी

योगराज भाऊ यांना बोदवडहून धाकट्या बहिणीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तेल लावत नसतीलच. पत्र घेऊन आबा (म्हणजे आमचे हे) स्वतः येत आहेत. आधी त्यांना पाणी द्या, मग वाचा. शिंदखेड्याची हवा त्यांना मानवते, म्हणून पाठवते आहे.

इकडे बठ्ठं ठीक शे, फक्त घरात इंग्रजी शिरलं आहे. आमच्या तेजसच्या बायकोला, आपल्या डिंपलला, जळगावच्या एका दवाखान्यात नोकरी मिळायची आहे. आलेल्या पेशंटशी गोड बोलायचं, त्यांना बसवायचं, असं काम. म्हणून ती मोबाइलवर शिकते आणि मी वरणासोबतच्या बट्ट्या वळता वळता तिचं ऐकते. भाऊ, इंग्रजांकडे टेक म्हणून एक शब्द आहे. टेक म्हणजे घेणे. आणि ते लोक सगळंच घेतात हो! आंघोळ घेतात, फोटो घेतात, बसा म्हणायचं तरी ‘टेक अ सीट’, घाई करू नका म्हणायचं तरी ‘टेक युअर टाइम’. नव्या बिऱ्हाडात एकच पातेलं असावं, त्यातच चहा, त्यातच वरण, तसं. मी म्हटलं, काय गं, ह्यांच्यात कोणाला काही द्यायची पद्धतच नाही का? तर म्हणते, आई, आपण नाही का मार खात, शपथ खात, डोकं खात? मी पुढची बट्टी वळायला घेतली. (डोकं म्हणताना ती माझ्याकडेच बघत होती.)

सांगायचं हे, की पोरीला सगळं येतं. पण मुलाखतीला मधल्या खुर्चीत कोण, तर पांढऱ्या टोपीचे म्हातारे मालक! हुबेहूब आपले आबा. हिने झटकन डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली. सासऱ्यापुढे सुनेने आवाज काढायचा नाही, ही आपली रीत, ती तिथेही आडवी आली. मी काचेबाहेरून बघत होते. राहवलं नाही, शिरले आत. म्हटलं, शेठ, टोपी काढा, मग बघा पोरगी कशी बोलते! वर ‘टेक युअर टाइम’ही म्हटलं. म्हातारा पोट धरून हसला, सोमवारी पुन्हा आणा म्हणाला. टोपी मात्र काढली नाही. तेजस म्हणतो, आई, असं बोलतात का? तुम्हीच सांगा भाऊ, मग कसं बोलतात?

तुमची,
भिकू

ता. क. हवाबिवा काही नाही, भाऊ. सोमवारपर्यंत आबांना तिकडेच अडकवा. ते ओट्यावर बसले की डिंपलची नुसती कुजबुज. मोठ्याने बोलायची सवय होणार कधी? जावई माणूस, शेवभाजी खाऊ घाला, हलायचे नाहीत. फोनवर सांगितलं असतं, पण हे कान लावून बसतात. पत्र वाचतील ही भीती नाही, त्यांचा चष्मा मी ज्वारीच्या डब्यात टाकला आहे.

पुन्हा ता. क. चष्मा राहिला म्हणून आबा स्टँडवरून परत आले. पत्र काढून घेऊन हे घाईत लिहिते आहे. आता दारात उभं राहून, आत न बघता मला म्हणाले, “सूनबाईला सांग, टेक केअर.” म्हणजे ओट्यावर बसून हेही शिकत होते! मग आतून डिंपल एवढ्या मोठ्याने “टेक केअर, आबा!” म्हणाली, की शेजारची दिपमाला हातात झाडू घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, आता जाऊच नका. पण पाठवताना शेवभाजीचं नाव मीच काढलं होतं, ऐकेनात. तर जेवण झालं की लगेच पाठवा. सोमवारपर्यंत रोज डिंपलसमोर बसवायचे आहेत. चष्मा दिला आहे, वाचलं तर वाचू द्या. आणि टोपी तिकडे विसरू देऊ नका.